तणनाशकाची फवारणी: माप, मिश्रण आणि क्रम कुठे चुकतो

‘पंपाला किती टाकू?’ तणनाशकाबद्दल सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गोंधळही इथूनच सुरू होतो. तणनाशकाची मात्रा एकरावर ठरते, पंपावर नाही. तुमच्या एकराला सात पंप लागतात की चौदा, हे कळल्याशिवाय ‘पंपाला ४० मिली’ या सल्ल्याला काही अर्थ नाही. कीटकनाशक फवारताना आपण पान ओलं होईपर्यंत मारतो आणि थोडं कमी-जास्त झालं तरी बहुधा निभावून जातं. इथे तसं होत नाही. कमी पडलं तर तण पिवळं पडून पुन्हा उभं राहतं, जास्त पडलं तर पिकालाच शॉक बसतो.

खालचे टप्पे क्रमानेच करायचे आहेत. वेळ नसेल तर चौथा टप्पा सोडून बाकी कुठेही घाई करा, असं म्हणावंसं वाटतं. पण घाई कुठेच न केलेली बरी.

टप्पा १: आधी तण ओळखा

शेतात तिरपं फिरा, पाच-सहा ठिकाणी थांबा आणि काय उगवलंय ते बघा. ढोबळ तीन गट पुरेत: गवतवर्गीय, रुंद पानांचं आणि लव्हाळ्याच्या जातीचं. घोटाळा होतो तो लव्हाळ्यात. पान गवतासारखं दिसतं म्हणून लोक गवताचं औषध मारतात आणि लव्हाळा तसाच हिरवागार उभा राहतो. खोड बोटांत धरून फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा. गवताचं खोड गोल किंवा चपटं लागतं.

दुसरा चकवा केन्याचा. तो ना गवत, ना नेहमीचं रुंद पानांचं तण. सोयाबीन-कपाशीत गवतासाठी वापरतात त्या क्विझालोफॉपने केना मरत नाही. ग्लायफोसेटलाही तो बराच दाद देत नाही. शेतात केना जास्त असेल तर लहान असतानाच त्याचा विचार करावा लागतो.

औषधांची ओळख थोडक्यात अशी:

- पेंडीमिथॅलिनसारखं उगवणपूर्व औषध जमिनीच्या वरच्या थरात राहून उगवणारं तण मारतं. उगवून आलेल्या तणावर ते मारणं म्हणजे पैसे पाण्यात.
- इमॅझेथापीर, क्विझालोफॉप, क्लोडिनाफॉप ही उगवणीनंतरची औषधं. ती ठरावीक पिकात ठरावीक तण मारतात.
- २,४-डी रुंद पानांच्या तणासाठी आहे. गहू, ज्वारी, मका, ऊस ही पिकं योग्य वयात ते सोसतात. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो, कडधान्यं सोसत नाहीत.
- ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट पीक-तण असा भेद करत नाहीत. ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत जातं, पॅराक्वाट जिथे पडेल तेवढंच जाळतं.

*सावध:* आंतरपीक असेल तर औषध दोन्ही पिकांना चालणारं हवं. मक्यात ॲट्राझीन चालतं, पण त्याच शेतात तूर किंवा उडीद असेल तर तोच डाव अंगाशी येतो.

टप्पा २: लेबल वाचा, आणि पुढचं पीकही डोक्यात ठेवा

बाटलीबरोबरचा घडीचा कागद फेकून देऊ नका. त्यात पिकाचं नाव, एकरी किंवा हेक्टरी मात्रा, पिकाचं व तणाचं वय, पाण्याचं प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, एवढं तरी वाचाच. तुमच्या पिकाचं नाव लेबलवर नसेल तर ते औषध तुमच्या पिकासाठी नाही. शेजाऱ्याने मारलं आणि काही झालं नाही, एवढ्यावर विसंबू नका.

शिफारस बऱ्याचदा ‘क्रियाशील घटक (औषधातला प्रत्यक्ष तण मारणारा भाग), हेक्टरी’ अशी लिहिलेली असते आणि इथे मोठी चूक होते. हिशेब सोपा आहे: हवा असलेला क्रियाशील घटक गुणिले १००, भागिले बाटलीवरची टक्केवारी. ॲट्राझीन हेक्टरी १ किलो क्रियाशील घटक सांगितलं असेल आणि हातात ५० टक्क्यांची भुकटी असेल, तर हेक्टरी २ किलो भुकटी लागेल. अडीच एकरांचा एक हेक्टर धरला तर एकरी ८०० ग्रॅम. पेंडीमिथॅलिन ३० टक्के असेल आणि शिफारस १ किलोची असेल तर हेक्टरी साधारण ३.३ लिटर, म्हणजे एकरी १.३ लिटरच्या आसपास. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या टक्केवारीच्या बाटल्या मिळतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं माप यंदाच्या बाटलीला डोळे मिटून लावू नका.

काही औषधं जमिनीत महिनोन्महिने टिकतात. ॲट्राझीनचा अंश राहिला तर मागून घेतलेलं कडधान्य किंवा भाजीपाला पिवळा पडू शकतो, इमॅझेथापीरनंतर मोहरीसारखी पिकं अडखळतात. पुढच्या हंगामात काय घ्यायचंय ते आत्ता ठरवा, मग औषध.

टप्पा ३: पंप आणि नोझल

तणनाशकाला पंप वेगळाच ठेवा. हा सल्ला प्रत्येकजण देतो आणि फार थोडे पाळतात. मेटसल्फ्युरॉन ज्या मात्रेत काम करतं ती बघा: २० टक्क्यांची भुकटी एकरी ८ ग्रॅम. एवढ्याशा औषधाने एकरभरातलं रुंद पानांचं तण मरत असेल, तर नळीत आणि गाळणीत राहिलेला अंश उद्या टोमॅटोवर काय करील ते समजून घ्या.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, म्हणजे सपाट पट्टा मारणारं हवं. कीटकनाशकाचं पोकळ शंकूचं नोझल बारीक तुषार करतं, ते वाऱ्यावर उडतात आणि जमिनीवर पट्टा सारखा बसत नाही. गनवाला पॉवर पंपही याच कारणाने तणनाशकाला नको.

साधं पाणी भरून हे बघून घ्या:

- कोरड्या फरशीवर किंवा टणक जमिनीवर पट्टा मारा. मधेच कोरडी रेघ राहते का, एका बाजूला जास्त ओलं होतं का?
- एका मिनिटात नोझलमधून किती पाणी पडतं ते मापात धरा. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पडत असेल तर भोक झिजलंय, नोझल बदला.
- बॅटरीचा पंप असेल तर चार्जिंग पूर्ण करा. बॅटरी उतरत गेली की दाब पडतो आणि शेवटच्या पंपांना सगळं माप चुकतं.

नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. तारही घालू नका, भोक मोठं होतं. जुना दातघासायचा ब्रश आणि एक जादा नोझल खिशात ठेवा.

टप्पा ४: एकराला किती पाणी लागतं ते मोजा

हा या लेखाचा गाभा. अर्ध्या तासाचं काम आहे.

१. शेतातच ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन आखा. हा एक गुंठा झाला. चार कोपऱ्यांत काठ्या रोवा.

२. पंपात साधं पाणी भरा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा.

३. जो माणूस प्रत्यक्ष फवारणार आहे त्यानेच, त्याच नोझलने, त्याच चालीने तो गुंठा फवारायचा. मालकाने माप घ्यायचं आणि फवारणी मजुराने करायची, असं केलं तर माप मालकाच्या चालीचं होतं.

४. आता मापाच्या भांड्याने पंप पुन्हा खुणेपर्यंत भरा. जेवढं पाणी घालावं लागलं तेवढं एका गुंठ्याला लागलं. गुणिले ४०, म्हणजे एकराचं पाणी.

५. दोनदा करा. दोन्ही आकड्यांत फार फरक आला तर चाल एकसारखी नाही; तिसऱ्यांदा करा.

उदाहरण घेऊ. गुंठ्याला ३.७५ लिटर पाणी लागलं, म्हणजे एकराला १५० लिटर. पंप १५ लिटरचा असेल तर १० पंप झाले. औषध एकरी ४०० मिली असेल तर पंपाला ४० मिली. शेजारचा माणूस मात्र हळू चालतो, त्याला गुंठ्याला ५ लिटर लागतात. त्याचे एकरी २०० लिटर, म्हणजे सव्वातेरा पंप, आणि पंपाला मात्रा ३० मिली. त्यानेही ऐकीव ४० मिलीच टाकलं तर एकरात ५३० मिलीच्या वर औषध जाईल. उलट कोणी भराभर चालून आठ पंपांत एकर उरकला तर त्याच ४० मिलीने फक्त ३२० मिली पडेल, आणि मग ‘औषध नकली निघालं’ अशी ओरड होते.

आकडा बघा. उगवणपूर्व औषधाला एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी असलं तर जमिनीवर थर नीट बसतो. उगवणीनंतरच्या औषधाला साधारण १५० लिटर पुरतं. तुमचं माप यापासून फार लांब असेल तर चाल किंवा नोझल बदलून पुन्हा मोजा. औषधाची एकरी मात्रा मात्र हलवू नका.

*पट्टा फवारणी करत असाल तर:* ओळींत ३ फूट अंतर आहे आणि फक्त ओळीवर १ फुटाचा पट्टा मारायचाय, तर प्रत्यक्षात एक तृतीयांश जमीनच फवारली जाते. औषधही एक तृतीयांशच. पूर्ण एकराची बाटली त्या पट्ट्यांत रिकामी केली की ओळीतलं पीक तिप्पट मात्रा खातं.

टप्पा ५: पाणी तपासा

गढूळ पाणी तणनाशकाला चालत नाही. ग्लायफोसेट तर मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. ओढ्याचं, तळ्याचं पाणी घ्यायचं तर आधी निवळू द्या आणि फडक्यातून गाळा. बोअरचं जड पाणी ही दुसरी अडचण. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे ग्लायफोसेट आणि २,४-डी अमाइनचा (२,४-डीचं पाण्यात विरघळणारं रूप) जोर कमी होतो. साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे असं समजा. लेबलवर सांगितलं असेल तर अशा पाण्यात अमोनियम सल्फेट घालतात, आणि ते औषधाच्या आधी विरघळवायचं असतं. नंतर घातलं तर कॅल्शियमने औषध धरून ठेवलेलं असतं.

टप्पा ६: मिश्रण

सर्वात जास्त धोका या टप्प्यात आहे, कारण हाताशी असतं ते पाणी न घातलेलं औषध. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट एवढं घालूनच झाकण उघडा. माप चेहऱ्याच्या खाली धरून ओता. औषध काठीने ढवळा, हाताने नाही. विहीर आणि हौदापासून लांब बसा, मुलं आणि जनावरं आसपास नकोत. पॅराक्वाट पोटात गेल्यावर त्याला उतारा नाही. म्हणून कुठलंही तणनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही, अगदी तासाभरासाठीसुद्धा.

ग्लायफोसेट जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या बादलीत कालवू नका. त्यातून पेट घेणारा वायू तयार होतो. प्लास्टिकची बादली वापरा.

एकाच औषधाचं मिश्रण:

१. पंप अर्धा भरा.

२. भुकटी असेल तर वेगळ्या मगात थोड्या पाण्यात तिची पातळ पेस्ट करा, गुठळ्या मोडा, मग गाळणीतून पंपात ओता. थेट पंपात टाकलेली भुकटी तळाशी बसते आणि पहिल्या काही ओळींना मात्रा कितीतरी जास्त जाते.

३. द्रव औषध असेल तर मोजून ओता, माप दोनदा विसळून ते पाणीही पंपातच टाका.

४. पंप पूर्ण भरा, झाकण लावून हलवा. भुकटीचं मिश्रण मधूनमधून हलवावंच लागतं.

दर पंपाला ४० मिली मोजताना हात थरथरतो, कुठे जास्त, कुठे कमी होतं. त्यापेक्षा बादलीत संपूर्ण एकराचं ४०० मिली घ्या, पाणी घालून एकूण १० लिटर करा आणि दर पंपाला यातलं १ लिटर टाका. १० पंपांना १० लिटर, हिशेब जुळतो. फक्त प्रत्येक वेळी काढण्याआधी बादली तळापासून ढवळा. हे पाणी त्याच दिवशी संपवायचं.

दोन औषधं एकत्र करायची असतील तर दोन्ही लेबलांनी मुभा दिलेली असली पाहिजे. क्रम असा: पाणी, अमोनियम सल्फेट हवं असल्यास ते, मग भुकटी किंवा दाणेदार, मग दाट पांढरं सस्पेन्शन, मग तेलकट ईसी (पाण्यात घातल्यावर दुधासारखं होणारं औषध), आणि शेवटी पाण्यात पूर्ण विरघळणारं औषध आणि स्प्रेडर (थेंब पानावर पसरवणारं द्रव्य). प्रत्येकानंतर ढवळायचं.

*तपासा:* पंपात घालण्याआधी याच प्रमाणात, याच क्रमाने एका काचेच्या बरणीत लिटरभर मिश्रण करा आणि अर्धा तास ठेवा. दह्यासारखं फाटलं, तळाला गाळ बसला, बरणी गरम झाली तर ते मिश्रण पंपात जायला नको. बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

बरणीत सगळं छान दिसलं तरी काही जोड्या शेतात बिघडतात. गवताच्या औषधात २,४-डी मिसळलं की गवत नीट मरत नाही. मक्यातल्या काही तणनाशकांबरोबर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक मारलं तर मकाच करपते. ‘एका फेरीत सगळं’ हा मोह आवरा. आणि औषधात स्प्रेडर आधीच असेल तर वरून आणखी घालू नका, त्याने पानं भाजतात.

टप्पा ७: ओल, वारा, वेळ

उगवणपूर्व औषधाला ओल लागते. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे का ते मुठीत बघा: माती दाबल्यावर गोळा झाला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. ढेकळं आणि धसकटं आधी काढा. ढेकूळ नंतर फुटतं आणि आतली कोरी माती उघडी पडून तिथे तण येतं. पेंडीमिथॅलिन पेरणीनंतर ४८ तासांच्या आत मारा.

उगवणीनंतरच्या औषधाला तण दोन ते चार पानांचं हवं. सोयाबीनमध्ये हा काळ साधारण पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी येतो, पण दिवस मोजण्यापेक्षा तणाची पानं मोजा. पाणी न मिळाल्याने माना टाकलेल्या तणावर औषध आत जात नाही. आधी ओल मिळू द्या. गव्हात २,४-डी फार लवकर किंवा पोटरीत आल्यावर मारलं तर ओंब्या वेड्यावाकड्या येतात, म्हणून लेबलवरचं वय पाळा.

वारा अंगाला जेमतेम जाणवेल एवढाच हवा. पण पहाटेची अगदी स्तब्ध हवाही चांगली नाही. काटक्या पेटवून बघा: धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर बारीक तुषारही तसेच लांबवर जाऊन उतरतील. शेजारी कपाशी असेल आणि २,४-डी तिच्यावर गेलं, तर नवी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात. अशा वेळी २,४-डीचं एस्टर रूप टाळा, त्याची वाफ होऊन ते फवारणीनंतरही सरकतं.

पानावरचं जाड दव ओसरू द्या, दुपारचं कडक ऊन टाळा. पावसाआधी किती तास कोरडे मिळायला हवेत हे औषधागणिक बदलतं. ग्लायफोसेटला निदान सहा तास धरा.

टप्पा ८: फवारणी

नोझल तणापासून किंवा जमिनीपासून दीड फुटावर, साधारण गुडघ्याच्या उंचीला, आणि शेवटपर्यंत तिथेच. दांडी डावीकडे-उजवीकडे झुलवायची नाही. झुलवताना दोन्ही टोकांना औषध दुहेरी पडतं आणि मधे विरळ. सरळ चाला, पट्ट्याच्या कडा किंचित एकमेकांवर येऊ द्या. कुठपर्यंत आलो ते कळायला बांधावर काठ्या किंवा चुन्याच्या खुणा करा.

वारा आडवा असेल तर वारा जिकडे जातोय त्या कडेपासून सुरुवात करा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूकडे सरकत या. म्हणजे तुम्ही कायम न फवारलेल्या बाजूला असता. उगवणपूर्व फवारणी मागे सरकत करा, नाहीतर पायांनी थर मोडतो. वळणावर खटका बंद करा. बांधाकडेच्या चार-पाच फुटांत पीक पिवळं पडतं ते बहुतेक वळताना चालू राहिलेल्या पंपामुळे.

*तपासा:* एकराला १० पंप असतील तर एक पंप ४ गुंठ्यांत संपला पाहिजे. ४ गुंठ्यांची खूण आधीच करा. पंप आधी संपला तर चाल मंदावलीय, उरला तर वाढलीय. पहिल्याच पंपाला कळलं तर दुरुस्त करता येतं. उरलेलं पाणी ‘वाया कशाला घालवा’ म्हणून फवारलेल्या भागावर पुन्हा मारू नका.

बिननिवडक, म्हणजे पीक-तण भेद न करणारं औषध उभ्या पिकाच्या ओळींत मारायचं असेल, तर लेबलवर त्या पिकात तसा वापर दिलेला असेल तरच, आणि नोझलला हूड (तुषार पिकावर जाऊ न देणारं झाकण) लावूनच.

टप्पा ९: पंप धुणं

लगेच धुवा, औषध सुकल्यावर नाही. पंप तीनदा विसळा आणि दरवेळी ते पाणी नळी आणि नोझलमधून बाहेर काढा. गाळणी, नोझल, वायसर काढून वेगळे धुवा, कारण अंश तिथेच दडतो. मेटसल्फ्युरॉनसारख्या औषधांनंतर आणि २,४-डी अमाइननंतर अमोनियाचं पाणी भरून ठेवून मग पुन्हा साध्या पाण्याने धुतात. अमोनियात ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीन कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. धुतलेलं पाणी फवारलेल्याच शेतात जाऊ द्या; विहिरीवर, ओढ्यात किंवा गोठ्याजवळ नाही.

रिकामी बाटली औषध संपतानाच तीनदा विसळून ते पाणी पंपात टाका, मग बाटलीला भोकं पाडा. घरात ती परत यायला नको. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, आंघोळ करूनच जेवायला बसा.

टप्पा १०: आठवड्याने शेतात जा

ग्लायफोसेटने तण पिवळं पडायला आठवडा किंवा जास्त लागतो, पॅराक्वाटचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसतो. त्यामुळे चार दिवसांत ‘काहीच झालं नाही’ म्हणत दुसरी फवारणी करू नका. उगवणपूर्व औषध मारलं असेल तर निदान काही आठवडे कोळपं घालू नका. थर उलटला की खालचं बी वर येतं.

शेत काय सांगतं ते असं वाचा:

- सरळ पट्ट्यांत तण उरलंय: ओळ सुटली किंवा नोझल अर्धवट तुंबलं होतं.
- गवत मेलं, रुंद पानांचं राहिलं, किंवा उलट: औषधाची निवड चुकली.
- सगळीकडे अर्धमेलं तण: मात्रा कमी, तण मोठं किंवा ओल नव्हती.
- पीक फक्त कडेला किंवा पट्ट्यांत पिवळं: तिथे दुहेरी पडलं.
- एकाच जातीचं तण ठिकठिकाणी जिवंत, शेजारीच त्याच जातीचं मेलेलं, आणि वर्षागणिक हे वाढतंय: त्या तणात प्रतिकारशक्ती येतेय.

शेवटच्या बाबतीत मात्रा वाढवून उपयोग नाही, आणि नुसतं नाव बदलूनही नाही. क्विझालोफॉप आणि क्लोडिनाफॉप वेगळ्या बाटल्यांत असले तरी तणाला एकाच मार्गाने मारतात. इमॅझेथापीर आणि मेटसल्फ्युरॉनचंही तसंच. लेबलवर गट क्रमांक असेल तर तो बघून गट बदला. आणि उरलेली झाडं बी धरायच्या आत खुरप्याने काढून शेताबाहेर न्या.